रिमॅपनंतर घाटमाथ्यावर टकटक: ऑइलची ग्रेड बदलण्याआधी ऑइल पातळ का होतंय ते बघा

तक्रार अशी होती. ऑइल बदललं की गाडी शांत. मग दीड-दोन हजार किलोमीटर झाले की कुरकुर सुरू. घाट चढून वर यायचं, गाडी बाजूला घ्यायची, इंजिन आयडलवर ठेवायचं, की बॉनेटखालून शिलाई मशीन चालल्यासारखी टकटक. इंजिन थंड असताना आवाज नाही. रेस केली की जातो, आयडलला परत येतो. ऑइल बदललं की गायब आणि दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा हजर.

माझ्या गाडीत हे तीन वेळा झालं. मधल्या काळात मी ग्रेड बदलली, ब्रँड बदलला आणि एकदा घट्ट ऑइल घालून स्वतःची छान फसवणूकही करून घेतली. ज्यांनी टर्बो पेट्रोल गाडी रिमॅप केली आहे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली आहे, आणि आता ‘कुठली ग्रेड घालू’ असं विचारत फिरत आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

गाडी एक लिटरची, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, मॅन्युअल गिअर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ४१ हजार किलोमीटरला स्टेज १ रिमॅप केला, म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. टर्बो, इंटरकूलर, सायलेन्सर सगळं कंपनीचंच. पिकअप जबरदस्त वाढला, त्याबद्दल तक्रार नाही. कंपनीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० या ग्रेडचं ऑइल लिहिलं होतं आणि ५डब्ल्यू-४० चालेल असंही होतं. रिमॅपनंतरही मी ५डब्ल्यू-३० च घालत राहिले.

वापर कसा, हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण खरं कारण तिथेच लपलं होतं. आठवड्याचे पाच दिवस कोल्हापुरात राजारामपुरी ते ताराबाई पार्क आणि परत. एका वेळी जेमतेम चार किलोमीटर. शनिवार-रविवारी मात्र गाडी आंबा घाटातून रत्नागिरीकडे, नाहीतर गगनबावड्यावरून कोकणात. म्हणजे पाच दिवस इंजिनाला नीट तापायलाही मिळत नाही आणि दोन दिवस त्याची हाडं मोडेपर्यंत पळवणं.

आधी काय काय करून पाहिलं

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा वाटलं, ऑइलच बनावट असेल. बनावट ऑइल बाजारात सर्रास मिळतं, त्यामुळे संशय चुकीचा नव्हता. म्हणून दुसऱ्या ब्रँडचं ५डब्ल्यू-३०, सीलबंद, वितरकाकडून बिलासकट आणलं. साधारण एकोणीसशे किलोमीटरला टकटक परत. एक सवय मात्र तेव्हापासून लागली ती कायमची: रिकामा कॅन गॅरेजमध्ये तसाच सोडायचा नाही, स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडूनच टाकायचा. म्हणजे त्यात पुन्हा कुणी काही भरणार नाही.

मग उद्यमनगरातल्या आमच्या मेकॅनिक मामांकडे गेले. मामांनी डिपस्टिक काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, “ताई, ह्ये बगा, पाण्यागत झालंय. वीस-पन्नास घाला की, आवाज बंद हुतोय का न्हाई बगा.” मामांची आयुष्यभराची गिऱ्हाइकं म्हणजे जुन्या जीपा, ट्रॅक्टर आणि ट्रक. त्या इंजिनांना वीस-चाळीस, वीस-पन्नासच (२०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०) लागायचं. त्यांचा इलाज चुकला, पण निदान अगदी अचूक होतं. ऑइल खरंच पाण्यासारखं झालं होतं. मी नेमकं उलटं केलं: निदानाकडे दुर्लक्ष केलं आणि इलाज तेवढा घेतला. वीस-पन्नास नको म्हणून एका मित्राच्या सल्ल्याने १०डब्ल्यू-६० घातलं. ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांचं ऑइल, अंगात आलं तर असंच येतं.

टकटक गेली. करूळ घाट चढून गगनबावड्याला थांबले, बॉनेट उघडून कान लावला, आवाज शून्य. पण दुसऱ्या बाजूने बिल यायला लागलं. सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद वरच्या बाजूने खडखड, कारण ऑइल वर पोचायलाच वेळ लागत होता. घाटात ऑइलचं तापमान आधीपेक्षा सहा-सात अंश जास्त दिसायला लागलं. जाड ऑइल घुसळण्यात जी ताकद वाया जाते तिची उष्णताच होते. मायलेज घसरलं. आणि महिन्याभरात इंजिन लाइट लागली. स्कॅनर लावला तर कॅम टायमिंगचा कोड. आजच्या इंजिनांत कॅमशाफ्टचं टायमिंग ऑइलच्या दाबाने, बारीक वाटांमधून पुढे-मागे सरकवलं जातं. त्या वाटा ठरावीक पातळपणाच्या ऑइलसाठी आखलेल्या असतात. त्यांत पाकासारखं ऑइल ढकललं की कॅम वेळेवर सरकत नाही.

आकड्यांत सांगायचं तर ४० अंश सेल्सिअसला नेहमीच्या ५डब्ल्यू-३० ची चिकटता साधारण ७० सेंटिस्टोक असते आणि १०डब्ल्यू-६० ची साधारण १६०. दुपटीहून जास्त. कोल्हापुरात जानेवारीच्या सकाळी बारा-चौदा अंश असतं, तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

खरं कारण सापडलं ते प्रयोगशाळेत

१०डब्ल्यू-६० काढून टाकलं आणि मुद्दाम पुन्हा तेच जुनं ५डब्ल्यू-३० घातलं. या वेळी ठरवलं होतं की आवाज आला की ऑइल बदलायचं नाही, आधी नमुना काढायचा. बावीसशे किलोमीटरला टकटक आली. इंजिन गरम असतानाच चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतून, शंभर मिलिलीटर ऑइल काढलं. अगदी सुरुवातीची धार सोडायची आणि मधली धरायची, नाहीतर तळाचा गाळ नमुन्यात येतो. बाटली वापरलेल्या ऑइलची तपासणी करणाऱ्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कुरिअर केली. हा खर्च एका कॅनपेक्षा कमी होता. मी आधी जे तीन कॅन ओतले त्यांचा हिशोब आता काढायला नको.

रिपोर्टमध्ये १०० अंशाची चिकटता ८.८ आली. नवं ऑइल १२.१ चं होतं. इंधनाचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चार लिटर ऑइलमध्ये जवळजवळ पाव लिटर पेट्रोल.

आता हा आकडा एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या ग्रेडच्या तक्त्यावर ठेवून बघा. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशाच्या चिकटतेवरून ठरतो. ६.९ ते ९.३ च्या आत म्हणजे २० ची ग्रेड, ९.३ ते १२.५ च्या आत ३०, १२.५ ते १६.३ च्या आत ४०, १६.३ ते २१.९ च्या आत ५०. डब्यावर ३० लिहिलेलं माझं ऑइल दोन हजार किलोमीटरांत २० च्या घरात उतरलं होतं. मी ‘३० चालवू की ४०’ यावर डोकं फोडत होते आणि इंजिन प्रत्यक्षात चालत होतं २० वर, तेही पेट्रोल मिसळलेल्या. त्यावर घाटात १२० च्या वरचं तापमान. व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने भरून काढणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइल दाब धरून राहीना, म्हणून टकटक.

एक खुलासा इथेच करते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांचे इंजेक्टर मुळातच टकटक करतात. तो आवाज थंड-गरम दोन्हीला सारखा असतो आणि ऑइल बदलल्याने त्यात काही फरक पडत नाही. तसा आवाज असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, निवांत झोपा.

पेट्रोल ऑइलमध्ये कुठून आलं? तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली ट्यून. टर्बो पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार आला की एक्झॉस्टचं तापमान आवरायला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ते जळून ताकद देण्यासाठी नसतं, आत गारवा आणण्यासाठी असतं. माझ्या ट्यूनरने (रिमॅप करणाऱ्याने) बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला आणि इंजिन सुरक्षित राहावं म्हणून हे जादा पेट्रोल फार लवकर आणि फार जास्त सुरू केलं. ईसीयूमधली नोंद, म्हणजे लॉग, काढला तर अर्ध्याहून थोडा जास्त अॅक्सिलरेटर दिला तरी लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८ पर्यंत खाली. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरमध्ये येतो. न जळलेलं पेट्रोल भिंतीला लागतं, भिंतीवरचं ऑइल धुतं आणि रिंगमधून खाली चेंबरमध्ये उतरतं.

दुसरी गोष्ट ते चार किलोमीटर. कूलंटचा काटा पाच-सहा मिनिटांत मधे येतो म्हणून आपल्याला वाटतं गाडी तापली. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. माझ्या ऑफिसच्या प्रवासात ऑइल ६० अंशाच्या वर क्वचित जायचं. थंड इंजिनाला मिश्रणात पेट्रोलही जास्त लागतं, तेही पेट्रोल खाली जातं आणि उडून जायला लागणारी ऊब ऑइलमध्ये येतच नाही. ई२० आल्यापासून यात आणखी भर पडली आहे, कारण इथेनॉल असलेल्या इंधनाची तेवढ्याच हवेला जास्त मात्रा लागते. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, त्यामुळे लांबच्या रस्त्यावर ते चटकन निघून जातं. पण रोजच्या चार किलोमीटरांत ते आणि वाफेचं पाणी दोन्ही आतच मुक्काम करतात. ऑइल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात दिसणारा कॉफीच्या फेसासारखा थर तोच.

तिसरी गोष्ट माझी सवय, पाचव्या गिअरमध्ये खालून ओढायची. तिच्याबद्दल पुढे बोलते, कारण तिथे ऑइलच्या निवडीचा वेगळाच संबंध येतो.

दुरुस्ती काय झाली

ट्यूनरकडे रिपोर्ट आणि लॉग दोन्ही घेऊन गेले. नुसतं ‘गाडी आवाज करते’ म्हटलं असतं तर ‘ऑइल घट्ट घाला मॅडम’ ऐकून परतले असते. हा माणूस कागद बघून गप्प झाला आणि बसून मॅप सुधारला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मधल्या भारात लॅम्डा ०.८८ च्या आसपास आणला, जादा पेट्रोल फक्त खरोखर एक्झॉस्ट तापल्यावर सुरू होईल असं केलं आणि वरच्या टोकाचा बूस्ट किंचित कमी केला. ताकदीत फरक पडला असेल, पण माझ्या बुडाला तो कळत नाही.

त्यानंतर ५डब्ल्यू-४० घातलं. आणि ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस सायकल. हो, हाही ऑइलचाच इलाज आहे.

चार हजार किलोमीटरला पुन्हा नमुना पाठवला. नव्या ऑइलची चिकटता १३.९ होती, ती १२.८ वर आली, इंधन दोन टक्क्यांच्या आत. अजून ४० च्याच घरात. टकटक नाही.

मग ५डब्ल्यू-४० का, ५डब्ल्यू-३० का नाही

पेट्रोल मिसळणं आवरल्यावर ग्रेडचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारता आला. आणि तिथे डब्याच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त बोलते.

पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीचा आहे. ०डब्ल्यूची क्रँकिंगची (थंड इंजिन फिरवण्याची) परीक्षा उणे ३५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की पेपरात बातमी येते. त्यामुळे महाराष्ट्रात ०डब्ल्यू-४० की ५डब्ल्यू-४० यावर भांडण्यात अर्थ नाही, गरम झाल्यावर दोघं एकाच पंगतीतले. स्टुटगार्टला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला जानेवारीत तो फरक कळेल, आपल्याला नाही. सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइल चटकन वर पोचावं इतपत ५डब्ल्यू पुरेसं आहे. १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू मात्र अशा इंजिनांत नकोच.

दुसरा आकडा गरम ऑइलचा, तो वर आलाच. पण तोही सगळं सांगत नाही. १०० अंशाची चिकटता मोजताना ऑइल नळीतून आपल्या वजनाने सावकाश वाहत असतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ते असं सावकाश वाहत नाही. तिथे ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या फटीत चिरडलं जात असतं. ती स्थिती मोजणारी वेगळी चाचणी आहे, तिला एचटीएचएस म्हणतात. १५० अंश तापमान आणि सेकंदाला दहा लाखांच्या दराने कातरणं. तिथे टिकलेली जाडी हीच बेअरिंगच्या कामाची जाडी.

या चाचणीत ३० च्या ग्रेडला किमान २.९ लागतं, तर ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. इथे गंमत आहे. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं एकच लिहिलेली दोन ऑइलं अगदी वेगळी असू शकतात. मागे एसीईए (युरोपातल्या वाहन कंपन्यांची संघटना) ए५/बी५ लिहिलं असेल तर त्याचं एचटीएचएस २.९ ते ३.५ च्या मध्ये असतं, म्हणजे ते मायलेजसाठी पातळ बनवलंय. मागे एसीईएचंच सी३ लिहिलं असेल तर ते ५डब्ल्यू-३० असूनही ३.५ किंवा जास्त. म्हणजे रिमॅप केलेल्या गाडीला सी३ चं ५डब्ल्यू-३० हे ए५/बी५ च्या ५डब्ल्यू-३० पेक्षा ५डब्ल्यू-४० लाच जास्त जवळचं. ‘३० घालू का ४०’ हा प्रश्न अर्धवट का आहे, ते इथे कळतं. माझं जुनं ५डब्ल्यू-३० ए५/बी५ होतं. मूळच्या ताकदीला ते पुरत होतं. वाढलेल्या टॉर्कला आणि घाटातल्या १२५ अंशाला मला ३.५ च्या वर हवं होतं, म्हणून ५डब्ल्यू-४०, एसीईएच्याच ए३/बी४ वर्गातलं.

५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-६० का नाही? रस्त्यावरच्या एक लिटर गाडीला ते लागत नाही, एवढंच. ती ऑइलं सलग ट्रॅकवर चालणाऱ्या, ऑइलचं तापमान १३० च्या वर राहणाऱ्या किंवा कंपनीने स्वतः तेच सांगितलेल्या इंजिनांसाठी आहेत. शिवाय दोन आकड्यांतलं अंतर जितकं जास्त तितकं त्यात चिकटता वाढवणारं पॉलिमर जास्त. ते कातरलं जाऊन तुटतं आणि ऑइल पातळ होत जातं. पुस्तकातल्या ग्रेडवरून एक पायरी वर, बस. तीही कंपनीने परवानगी दिलेल्या यादीतली असेल तर उत्तमच. पुस्तकात फक्त ०डब्ल्यू-२० असेल तर उडी ५डब्ल्यू-३० सी३ पर्यंत, थेट ४० वर नको. आधी ऑइलचा दाब मोजा.

मागच्या बाजूला आणखी एक ओळ बघायची: एपीआय एसपी, म्हणजे अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचं एसपी हे मानक. कारण माझी ती पाचव्या गिअरची सवय. लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी फेऱ्यांना, पंधराशे ते दोन हजार आरपीएमला, जोरात अॅक्सिलरेटर दाबला की कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. त्याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. हे साधं नॉकिंग नव्हे. एका धडाक्यात पिस्टनची कड उडते नाहीतर रिंगची जागा फुटते. सिलिंडरमध्ये गेलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब याला निमित्त होतो आणि ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने धोका वाढतो असं दिसून आलं. म्हणून २०१८ मध्ये एपीआयने एसएन प्लस आणलं आणि मे २०२० मध्ये एसपी. दोन्हींत याची चाचणी आहे. रिमॅपने नेमका खालचाच टॉर्क वाढतो, त्यामुळे धोका रिमॅप केलेल्यांना जास्त. डब्यावर त्याआधीचं नुसतं एसएन असेल तर तो डबा परत ठेवा. आणि ट्रकच्या मागे असाल तर पाचव्यात रेटू नका, तिसरा टाका. हा गिअर बदलायला पैसे पडत नाहीत.

‘फुली सिंथेटिक’ या शब्दावर फार भाळू नका. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीवर हरकत घेतली आणि जाहिरातींच्या लवादाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून तिथे खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून बनवलेलं बेस ऑइलही बिनदिक्कत सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट असतं असं नाही, पण शब्दाने काही सिद्ध होत नाही. मी शब्दापेक्षा मान्यता बघते. फोक्सवॅगन ५०२ ००, एमबी २२९.५, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१ अशा वाहन कंपन्यांच्या मान्यता मिळवायला परीक्षा द्याव्या लागतात. तुमची गाडी त्या कंपनीची नसली तरी ए३/बी४ ऑइलच्या मागे यातल्या दोन-तीन दिसल्या की माल तपासलेला आहे एवढं कळतं. भाषा मात्र नीट वाचा. ‘मान्यताप्राप्त’ वेगळं आणि ‘या गाड्यांसाठी योग्य’ वेगळं. दुसरं कुणीही छापू शकतं.

दोन अपवाद. गाडीत पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर (एक्झॉस्टमधली काजळी धरणारा) असेल तर ए३/बी४ मधली राख त्यात साचते, तिथे सी३ सारखं कमी राखेचं ऑइलच घ्या. आणि टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरणारं इंजिन असेल, फोर्डचं १.० इकोबूस्ट हे त्यातलं गाजलेलं, तर पुस्तकातल्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर पाऊल टाकू नका. तिथे पेट्रोल मिसळणं तर आणखी महाग पडतं, कारण बेल्टचं रबर त्याने खराब होतं.

डिझेलवाल्यांनी हसू नये. शहरात फिरणाऱ्या बीएस६ डिझेलमध्ये काजळीच्या फिल्टरची साफसफाई अर्धवट राहिली की डिझेल असंच चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढते आणि लोक खूश होतात की गाडी ऑइल खात नाही.

तुमच्या गाडीत सुरुवात इथून करा

पहिली गोष्ट डिपस्टिक. ऑइल बदलल्यावर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी फोटो काढा. मग दर पाचशे किलोमीटरला तसाच, त्याच जागी. पातळी वाढली तर इंधन किंवा पाणी, दुसरं काही असूच शकत नाही. आणि पातळी तशीच राहिली तरी लगेच निश्चिंत होऊ नका, कारण गाडी थोडं ऑइल खात असेल आणि तेवढंच पेट्रोल येत असेल तर हिशोब बरोबर दिसतो. माझ्याकडे तेच झालं होतं. मग वास घ्या. टीपकागदावर गरम ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. मधल्या काळ्या डागाच्या बाहेर फिकट, रुंद कडं पसरलं तर इंधनाचा संशय धरायचा. ही घरगुती परीक्षा आहे, हिच्यावर ट्यूनरशी भांडता येत नाही. त्याला रिपोर्टच लागतो.

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा आयडलला लुकलुकला तर मात्र यातलं काही करत बसू नका. गाडी तिथेच बंद करा आणि टो करा. दाबाच्या स्विचच्या जागी साधं यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाला दाब मोजायला कुठल्याही बऱ्या गॅरेजला अर्धा तास लागतो. नवं, योग्य ग्रेडचं ऑइल असूनही गरम दाब कमी येत असेल तर प्रश्न ऑइलचा नाही. मग चेंबर उतरवून जाळी, पंप आणि बेअरिंग बघायचे. अशा गाडीत घट्ट ऑइल घालणं म्हणजे तापाच्या पेशंटचं थर्मामीटर लपवणं.

दाब ठीक, इंधन जास्त असेल तर क्रम असा: लॉग काढून लॅम्डा बघा, इंजेक्टर गळत नाही ना ते बघा, थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला नाही ना ते बघा. या शेवटच्यात अनेकजण सापडतात. कूलंट कधीच ८० च्या वर जात नसेल तर ऑइलही तापणार नाही. आणि बंद पडलेला पीसीव्ही व्हॉल्व्हही बघा, कारण चेंबरमधली वाफ बाहेर काढणारी वाट तीच.

बदलायचं अंतर. पुस्तकात पंधरा हजार किंवा एक वर्ष लिहिलंय. ते माझ्या गाडीला लागू नाही, कारण ती गाडी पुस्तक लिहिलं तेव्हाची राहिलेली नाही. मी सहा हजार किंवा सहा महिने धरलंय, जे आधी येईल ते, फिल्टरसकट. बाटलीतली कुठलीही जादा औषधं ऑइलमध्ये ओतत नाही. आणि घाट संपल्यावर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारतो आणि फक्त ऑइलच्या थरावर तरंगतो. लालबुंद टर्बोवर गाडी बंद केली तर तिथे अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. आजकाल पाण्याने गार होणारे टर्बो आहेत, काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप चालतो, तरी दोन किलोमीटर सावकाश जायला काय जातं?

मामांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले आणि म्हणाले, “मग म्या काय म्हटलं हुतं? पाण्यागत झालंय म्हणूनच की.”

सध्याची स्थिती: ५डब्ल्यू-४०, सुधारलेला मॅप, ५७ हजार किलोमीटर. मे महिन्यात दोनदा आंबा घाट, एकदा आंबोलीवरून गोवा, टकटक नाही. पण जुलैत पाऊस लागला, सायकल बंद झाली, पुन्हा रोजचे ते चार किलोमीटर आणि डिपस्टिकवर पातळी दोन मिलिमीटर वर सरकलेली दिसतेय. नमुना काल कुरिअर केला.